एका मिनिटात डोकंच होतं, पाय राहतात

या वेळचं पत्र एका कलाशिक्षिकेचं आहे.

«ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) होऊन चौदा वर्षं झाली. आमची मुलं एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना दरवर्षी चांगली ग्रेड घेतात. गेल्या दिवाळीपासून महिन्यातले दोन रविवार मी पुण्याला लाइफ ड्रॉइंगच्या वर्गाला जाते. समोर मॉडेल असतं आणि टायमर लावलेला असतो. आधी एकेका मिनिटाच्या पोज, मग दोन, पाच, शेवटी वीस मिनिटांची. एका मिनिटात माझं डोकं आणि एक खांदा होतो, की पोज बदलते. शेजारची कॉलेजची मुलं तेवढ्यात पानभर माणूस काढून मोकळी होतात. फोनवरचा फोटो पाहून मात्र मी हुबेहूब काढते. घरी दोन म्हशी, एक गाय आणि शेळ्या आहेत. त्यांच्यावर सराव करावा म्हटलं तर त्या क्षणभर थांबत नाहीत. हा टायमरचा प्रकार माझ्यासाठी नाहीच का? एकेक चित्र तास-दोन तास घेऊन सावकाश काढत राहिले तर चालणार नाही का? सोबत तीन पानं पाठवते आहे. कृपया हसू नका.»

हसले नाही. तुमची तिन्ही पानं सकाळपासून टेबलावर मांडून ठेवली आहेत आणि येता-जाता पाहते आहे.

पहिल्या पानावर सात डोकी आहेत. डोळे, नाकपुड्या, एका डोक्याला तर कानाच्या पाळीची आतली वळणंसुद्धा. पण सातांपैकी एकही माणूस उभा होता की बसला होता, हे मला सांगता येत नाही. दुसरं पान वीस मिनिटांचं, स्टुलावर बसलेल्या बाईचं. साडीच्या निऱ्यांवरचं शेडिंग पाहिलं की तुमचा हात किती तयार आहे ते कळतं. पण ही बाई स्टुलावर बसलेली नाही. ती अधांतरी आहे आणि खाली कुणीतरी स्टूल आणून ठेवलं आहे. तिचं वजन कुठेच टेकत नाही. तिसऱ्या, शेळ्यांच्या पानाकडे नंतर येते, कारण त्या पानामुळेच मला हे उत्तर लांबलचक लिहावंसं वाटलं.

टायमर सोडू नका. सावकाश चित्रंही काढा, जरूर काढा, पण दुसऱ्या पानावरचा दोष दोन तास दिल्याने जाणार नाही. दोन तासांत निऱ्या आणखी सुरेख होतील आणि बाई तशीच तरंगत राहील. ती बसली आहे की नाही हे पहिल्या दहा सेकंदांत ठरलं होतं, आणि त्या दहा सेकंदांत तुम्ही तिची भुवई काढत होता.

असं का होतं ते सांगते, आणि यात तुमचा कमीपणा काही नाही. चौदा वर्षं तुम्ही मुलांना स्मरणचित्र शिकवता आहात. बाजार, पाणवठा, पतंग उडवणारी मुलं असा विषय, ठरलेला वेळ, आणि चित्र रंगवून पुरं व्हायला हवं. मग मुलाच्या हाती माणसाचा एक तयार साचा द्यावाच लागतो: अंड्यासारखं डोकं, खाली मान, चौकोनी धड, नळीसारखे हात. साचा डोक्यापासून सुरू होतो, म्हणून मॉडेल समोर आलं की तुमचा हात आपोआप डोक्याकडे जातो आणि माणूस वरून खाली, विटा रचाव्यात तसा, तुकड्यातुकड्याने येतो. खेरीज उभा माणूस साडेसात डोक्यांचा असतो हे तुम्हाला पाठ आहे. तो खुर्चीत वाकून बसला, की त्या साडेसाताचा काही उपयोग उरत नाही.

आता एका मिनिटात मी काय करते ते सांगते. पहिली पाच-सात सेकंदं हात खाली. नुसतं पाहायचं, आणि एकच विचारायचं: भार कुठल्या पायावर आहे?

विठोबा डोळ्यांसमोर आणा. तो विटेवर समचरण उभा आहे, दोन्ही पायांवर सारखा भार, म्हणून खांदे आडवे आणि कंबरही आडवी. आता बासरी वाजवणारा कृष्ण पाहा. सगळा भार एका पायावर, दुसरा पाय आडवा घालून नुसता टेकवलेला. भाराच्या बाजूची कंबर वर चढली आहे, त्याच बाजूचा खांदा खाली आला आहे, मान आणखी तिसरीकडे कलली आहे. मूर्तिकार याला त्रिभंग म्हणतात. रेशनच्या रांगेत उभी असलेली बाई, पानटपरीला टेकलेला मुलगा, तुमच्या वर्गातलं मॉडेल, सगळे या दोन देवांच्या मधे कुठेतरी उभे असतात. कुठे, तेवढं शोधायचं. गवंड्याचा ओळंबा तुम्ही पाहिला असेल. एका पायावर भार देऊन उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्याखालच्या खाचेतून मनातल्या मनात ओळंबा सोडा, तो भाराच्या पायाच्या घोट्यापाशी येतो. येत नसेल, तर तो माणूस कशाला तरी टेकलेला आहे, किंवा चालतो आहे, किंवा पडतो आहे. ओळंबा चुकला की चित्रातला माणूस कितीही घोटला तरी कलंडतो.

मग रेषा. पहिली रेषा मानेच्या मुळापासून पाठीच्या कण्यावरून थेट भाराच्या टाचेपर्यंत, एका दमात. दुसरी खांद्यांची, तिसरी कमरेची, या दोघींचे कल एकमेकींच्या उलट असतील तर न भिता उलट. मग मोकळा पाय, मग हात. डोकं शेवटी, नुसतं अंडं, पण त्याचा कल नेमका. एवढं अर्ध्या मिनिटात होतं. उरलेल्या अर्ध्या मिनिटात जिथे मांस दाबलं जातं तिथे जोर द्या: कमरेची एक बाजू जिथे चुरगळते तिथे, मांडी जिथे स्टुलावर पसरते तिथे. नाक-डोळे काढायला वेळ उरत नाही, आणि टायमर लावतात तो त्यासाठीच.

हे सगळं बसून, मांडीवर वही घेऊन, लिहिण्यासारखी पेन्सिल धरून होत नाही. बोर्ड उभा ठेवा, हातभर दूर राहा आणि रेषा खांद्यातून ओढा. वर्गात डाँकीवर (बोर्ड टेकवायच्या बाकावर) बसत असाल तर पहिला तासभर उभ्याने काढून पाहा. खोडरबर घरी ठेवून या. चारकोल चालेल, जाड स्केचपेनही चालेल. चांगला कार्ट्रिज पेपर यासाठी मुळीच नको, त्याची किंमत आठवून हात आखडतो. कोरा न्यूजप्रिंट घ्या, नाहीतर शाळेत पाठकोऱ्या कागदांचे गठ्ठे पडलेले असतातच.

एक गोष्ट मी माझ्या शिकण्याच्या दिवसांतली सांगते. आमच्या एका सरांनी एकदा मॉडेलला वरच्या मजल्यावर उभं केलं आणि आमचे बोर्ड खालच्या मजल्यावर लावले. जिना चढून जायचं, हवं तितकं पाहायचं, खाली येऊन काढायचं. विसरलात तर पुन्हा वर. पहिल्या फेरीत मी त्या बाईंचं नाक पाहून आले. खाली आले तर नाकाशिवाय काही आठवेना, आणि नुसतं नाक कागदावर ठेवायचं तरी कुठे? दुसऱ्या फेरीत पदर. पाचव्या-सहाव्या फेरीला पाय दुखायला लागले तेव्हा कुठे मी दारात थांबून नुसतं पाहिलं की त्या डाव्या पायावर उभ्या आहेत आणि उजवा हात कमरेवर टेकून पाठ सैल सोडली आहे. तेवढंच घेऊन खाली आले आणि बाकीचं मागून आपोआप आलं. त्या दिवशी मला कळलं की मी आजवर मॉडेलसमोर बसूनही सगळा वेळ कागदाकडेच पाहत होते.

तुम्हीही तेच करताय, असा माझा अंदाज आहे. पुढच्या रविवारी शेजारच्या एखाद्या मुलीला सांगा, पाच मिनिटांच्या पोजमध्ये मी किती वेळा मान वर करते ते मोज. आकडा ऐकून तुम्हालाच नवल वाटेल. आणि रोज एक चित्र कागदाकडे अजिबात न बघता काढा. वाकडं येईल, डोळा हनुवटीवर जाईल, जाऊ द्या. ते पान कुणाला दाखवायचं नाही.

कॉलेजच्या मुलांचं म्हणाल, तर त्यांच्या पानांकडे पाहू नका. कुणी शेकडो कागद संपवून तिथे आलेला असतो आणि कुणी एक झोकदार शैली पाठ करून. पहिल्या मिनिटात दोन्ही सारखेच दिसतात.

समोर उभं असलेल्या मॉडेलबद्दलही थोडं. घरी जाऊन एकदा हात डोक्यावर उचलून पाच मिनिटं निश्चल उभ्या राहा. दोन मिनिटांत बोटांना मुंग्या येतात, चौथ्या मिनिटाला खांदा जळायला लागतो. म्हणून हात उंचावलेल्या, पिळलेल्या, तोल सांभाळायच्या पोज मिनिट-दोन मिनिटांच्याच असतात, आणि वीस मिनिटं बसायची किंवा पहुडायची पोज असते. छोट्या पोजमध्ये जे मिळतं ते लांब पोजमध्ये मिळणं शक्यच नाही, आणि ते तुम्ही आत्ता सोडून द्यायला निघाला आहात. विश्रांतीनंतर मॉडेलला पुन्हा तीच जागा सापडावी म्हणून पावलांभोवती खडूने खूण करायची, फोटो काढायचा नाही, संपल्यावर आभार मानायचे, हे तुमच्या वर्गात पाळत असतीलच. मी याच्या पुढे जाऊन सांगते: प्रत्येक पोज काढण्याआधी, जागेवरच, स्वतःच्या अंगात ती थोडीशी घेऊन पाहा. कंबर कुठे दुखेल, ते तुमचं अंग तुम्हाला सांगतं. ती जागा चित्रात चुकत नाही.

आता फोटो. फोनवरून तुम्ही हुबेहूब काढता यात मला शंका नाही. फोटोत सगळं आधीच सपाट आणि स्थिर होऊन आलेलं असतं, तुम्ही कडा उतरवून घेता. भार शोधायचं काम तिथे पडतच नाही. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहून काढलेल्या चित्राचं काय होतं, याची एक गोष्ट आपल्या गोव्यावरूनच जाते. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांच्या गव्हर्नरला, अल्बुकर्कला, एक गेंडा भेट दिला. तो गोव्याहून जहाजाने पोर्तुगालला गेला आणि १५१५ च्या मे महिन्यात लिस्बनला उतरला. जर्मनीत, न्यूरेंबर्गला, अल्ब्रेख्ट ड्यूररच्या हाती त्याचं वर्णन आणि कुणीतरी काढलेलं एक रेखाटन आलं. त्याने गेंडा कधीच पाहिला नाही आणि चित्र काढलं. अप्रतिम रेषा, पण गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे आहेत आणि मानेमागे पाठीवर एक जादा शिंग आहे. पुढची दोनशेहून जास्त वर्षं युरोपातली माणसं त्याच चित्रावरून गेंडे काढत राहिली, शिंगासकट. याउलट डच चित्रकार रेम्ब्राँटने १६३७ साली काळ्या खडूने काढलेला हत्ती पाहा. ती श्रीलंकेहून आलेली, गावोगाव फिरवली जाणारी हत्तीण होती आणि तिला त्याने समोर पाहिलं होतं. कातडी गुडघ्यांपाशी सैल होऊन कशी लोंबते, सोंडेच्या वळणात सुरकुत्या कशा दाटतात, हे त्या चित्रात भराभर ओढलेल्या रेषांत आहे. ड्यूररचा हात कमी नव्हता. त्याच्यासमोर जनावर नव्हतं, एवढंच.

तुमच्यासमोर आहे. दावणीला बांधलेलं आहे. पुण्या-मुंबईची मुलं यासाठी कात्रजला आणि राणीच्या बागेत जातात, जाळीआडून, गर्दीत, आणि जनावर पाठ करून झोपलेलं असतं. तुम्हाला घरच्या घरी ते मिळतंय आणि तुम्ही म्हणता त्या थांबत नाहीत.

त्या थांबणार नाहीत, पण त्या परत येतात. ही गोष्ट ध्यानात घेतली की निम्मं काम झालं. एका मोठ्या कागदावर एका वेळी एकच शेळी काढायची नाही. एक सुरू करा, तिने मान फिरवली की ती तिथेच सोडून बाजूला दुसरी, ती चालू लागली की तिसरी. दहा मिनिटांत कागदावर सात अर्धवट शेळ्या असतील. मग पहिली पुन्हा मान तशीच खाली घालते, कारण चरणाऱ्या जनावराचे पवित्रे मोजकेच असतात. लगेच पहिल्या चित्राकडे जायचं आणि आणखी दोन रेषा घालायच्या. कोंबडी चालताना तिचं डोकं झटक्याने पुढे जातं आणि मग अंग खालून पुढे सरकेपर्यंत ते हवेत जागच्या जागी थांबतं. त्या थांबण्यात चोच-मान धरायची. गाय रवंथ करत बसली की हलतो तो जबडा, बाकी धूड अर्धा तास तसंच. पाच मिनिटांच्या पोजचा सराव तिच्यावर करा.

आणि पाय. तुमच्या अकरांपैकी दहा शेळ्यांचे मागचे पाय चुकले आहेत आणि सगळे एकाच प्रकारे चुकले आहेत. मागच्या पायात जो सांधा उलटा, मागच्या बाजूला वळलेला दिसतो, त्याला तुम्ही गुडघा समजता. तो गुडघा नाही, ती टाच आहे. शेळीचा खरा गुडघा वर, पोटाच्या कडेशी, कातडीत लपलेला असतो आणि तो आपल्यासारखाच पुढे वळतो. पुढच्या पायातला तथाकथित गुडघा म्हणजे मनगट. स्वतः हातापायांवर ओणव्या व्हा, टाचा आणि मनगटं उचला, फक्त बोटांच्या टोकांवर या, की तुमच्या अंगात शेळी येते. शेळी-गाय दोन बोटांच्या नखांवर चालतात, घोडा एकाच. आणखी एक: या जनावरांना आपल्यासारखं गळ्यापासून खांद्याला जोडणारं हाड नसतं. पुढचे पाय फक्त स्नायूंनी धडाला धरलेले, धड त्यांच्या मधे झोळीसारखं टांगलेलं. म्हणून म्हैस उतारावरून चालायला लागली की खांद्याचं पातं एकेका पावलाला पाठीच्या रेषेत वर चढतं आणि उतरतं. मागून उभ्या राहून नुसतं पंधरा मिनिटं ते पाहा.

गाय उठते कशी, हेही उद्या पाहून ठेवा. ती आधी मागचं अंग उचलते आणि क्षणभर पुढच्या मनगटांवर टेकलेली राहते, जणू नमस्कार घालते आहे, आणि मग पुढचे पाय सरळ करते. घोडा नेमका उलटा, पुढचे पाय आधी रोवतो. हा गाईचा क्षण दोन सेकंदांचाही नसतो. तो टिपायचा म्हणजे ती उठेल तेव्हा पेन्सिल ठेवून पाहायचं, डोळे मिटायचे, आणि मग काढायचं. दिवसातून तीन-चार वेळा ती उठते. आठवड्याभरात तो क्षण तुमचा होतो. काही गोष्टी डोळ्यांच्याही पलीकडे असतात हे कबूल. धावत्या घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पाय पोटाखाली गोळा होतात तेव्हा, पुढे-मागे ताणलेले असताना नव्हे, हे १८७८ साली मायब्रिज या छायाचित्रकाराने कॅलिफोर्नियात ओळीने फोटो घेतले तेव्हा पक्कं झालं. तोवर मोठमोठे चित्रकार घोडे हवेत ताणूनच काढत होते. तेव्हा फोन वापरा, पण चित्र काढून झाल्यावर, पडताळून पाहायला.

आता ते तिसरं पान. दहा शेळ्या तुम्ही एकेका फुलीने खोडल्यात. अकरावी, खालच्या कोपऱ्यातली, बाभळीला पुढचे पाय लावून उभी राहिलेली, तीही खोडलीत आणि वर दोनदा फुली मारलीत. त्या शेळीला डोळा नाही, केस नाहीत, एक मागचा पाय तर काढायचाच राहिला आहे. चार रेषा आहेत: कणा, मान, पुढचे पाय आणि भार घेतलेला मागचा पाय. पण ती चढते आहे. मान ताणून, ओठ पुढे करून ती त्या पाल्यापर्यंत पोचणार आहे, हे मला इथे बसून दिसतं. तीन पानांत जिवंत असलेलं हे एकच चित्र, आणि मला वाटतं यासाठी तुम्हाला अर्धं मिनिटही लागलं नसेल. शेळी उतरून गेली आणि तुम्हाला नाक-डोळे घालायला वेळ मिळाला नाही. पुण्यात मॉडेलसमोर तुम्हाला जे जमत नाही असं तुम्ही लिहिता, ते घरच्या बाभळीखाली तुम्हाला जमलेलं आहे. यापुढे फुल्या मारू नका. तारीख घाला आणि पान बाजूला ठेवा.

माणसांसाठीही पुण्याच्या दोन रविवारांवर अवलंबून राहू नका. जे.जे. स्कूल ऑफ आर्टची मुलं पिढ्यानपिढ्या रस्त्यापलीकडच्या व्ही.टी. स्टेशनात आणि क्रॉफर्ड मार्केटात वही घेऊन बसत आली आहेत. लोकल लागली की फलाटावरचं मॉडेल उठून जातं. जे.जे.तच शिकून तिथेच शिकवलेल्या म. वि. धुरंधरांची (१८६७–१९४४) लग्नाची, मिरवणुकीची चित्रं कधी निवांत पाहा, एवढ्या दाटीत प्रत्येक जण आपापल्या पायावर वेगळा उभा आहे. तुम्ही स्वारगेटला एस.टी.ची वाट पाहत बसताच. कुणाच्या लक्षात आलं तर पान सरळ पुढे करून दाखवा. बहुतेक जण खूश होतात, नाही झाले तर पान उलटायचं.

आणि तुमच्या शाळेत तर रोज सकाळी लाइफ क्लास भरतो. सूर्यनमस्कारात शंभर मुलं एकेका आसनात थांबतात आणि दर फेरीला तीच आसनं परत येतात. लेझीमच्या सरावात तर मोजून ठोक्यावर. मैदानाच्या कडेला उभ्या राहा. मग तुमच्या वर्गात एक दिवस असं करून पाहा: एका मुलाला बादली उचलायला लावा, बाकीच्यांच्या हातात काही नाही, मिनिटभर नुसतं पाहू दे, मग त्याला बाहेर पाठवा आणि काढायला सांगा. बादलीच्या उलट बाजूला अंग झुकलं, हे किती जणांनी आणलं ते पाहा. स्मरणचित्र या शब्दात जे स्मरण आहे ते हेच, आणि ग्रेडलाही याने तोटा होणार नाही. मला याची खात्री आहे, कारण असं शिकलेल्या मुलांची पाणवठ्याची चित्रं मी पाहिली आहेत. त्यांच्या बायकांच्या कळशीत पाणी असतं.

वर्गातला क्रम तुम्ही लिहिलात तो चांगलाच आहे, लांब पोज शेवटी. फक्त वीस मिनिटांच्या पोजचीही पहिली वीस सेकंदं एका मिनिटाची समजूनच काढा, तीच कणा-खांदे-कमरेची रेषा, आणि ती बरोबर वाटेपर्यंत निरीला हात लावू नका. घरी रोज वीस मिनिटं पुरेत. त्यात टायमर लावायचीही गरज नाही. संध्याकाळी म्हशीची धार काढतात तेव्हा वही घेऊन गोठ्यात जा. पान्हा सोडलेली म्हैस सात-आठ मिनिटं जागची हलत नाही, आणि तिच्या अंगाला कपाळ टेकून, गुडघ्यांत चरवी धरून उकिडवं बसलेलं माणूसही हलत नाही. कागद आधीच बोर्डाला लावून ठेवा, आणि सुरुवात म्हशीच्या डोळ्यापासून करू नका.